शालेय निसर्गसंरक्षण-शिक्षण आणि शासनाचा आधार : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक परामर्श

१. प्रश्नाचे स्वरूप

निसर्गसंरक्षणाचे शिक्षण शाळेत द्यावे किंवा कसे, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरणतत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य, असे दोन्ही ठरविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यास अभ्यासक्रमाच्या समान गाभ्यात स्थान दिले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर अनिवार्य करण्याचा निर्देश दिला, आणि तो पुरेसा अमलात आला नाही असे दिसताच १८ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस नमुना-अभ्यासक्रम तयार करण्यास सांगितले. संविधान, धोरण आणि न्यायालय या तिघांचे एकाच वेळी पाठबळ लाभलेले शालेय विषय फार थोडे असतील.

असे असता या विषयाची शाळेतील स्थिती समाधानकारक आहे, असे त्याचे पुरस्कर्तेही म्हणत नाहीत. या असमाधानाचे कारण सामान्यतः ‘अंमलबजावणीतील त्रुटी’ या शब्दांत सांगितले जाते, आणि तेवढ्यावर चर्चा थांबते. परंतु अंमलबजावणी ही आकाशातून पडणारी वस्तू नव्हे. जे अमलात आणावयाचे त्याच्या रचनेतच तिचे यशापयश बऱ्याच अंशी ठरलेले असते. यास्तव शासन आधार देते काय, यापेक्षा तो आधार नेमका कशास देते, हे तपासणे अधिक फलदायी ठरेल. प्रस्तुत लेखात ही तपासणी रत्नागिरी जिल्ह्यापुरती केली आहे. तीतून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा, की शासनाचा आधार विषयास, उपक्रमास आणि दिनविशेषास मिळाला; ज्या स्थळी, ज्या ऋतूत आणि ज्या शिक्षकाकरवी हे शिक्षण घडावयाचे, त्यांस तो मिळाला नाही.

रत्नागिरीची निवड दोन कारणांसाठी केली आहे. पहिले कारण उघड आहे. सह्याद्रीचे कडे, देवराया, जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सडे, खाड्या, कांदळवने आणि पुळणी एवढे विविध अधिवास येथे एका दिवसाच्या प्रवासात पाहावयास मिळतात. दुसरे कारण सामाजिक आहे. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान या जिल्ह्याची लोकसंख्या घटली, आणि २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे येथे अकराशेहून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या. मुंबईला जाणारा चाकरमानी हा या आकड्यांमागील मनुष्य होय. गावच्या शाळेत शिकणारे मूल मोठेपणी गावात राहीलच असे नाही. परंतु डोंगराच्या, सड्याच्या वा खाडीकाठच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव बहुधा राहील, आणि ती जमीन राखावयाची की विकावयाची या निर्णयात त्याची सही लागेल. म्हणजे येथील निसर्गाचे भवितव्य पुष्कळ अंशी दूर राहणाऱ्या वारसांच्या हाती आहे. बालपणी शाळेत त्या भूमीची जी ओळख झाली असेल, तेवढ्याच शिदोरीवर हे वारस पुढे निर्णय घेणार. या जिल्ह्यात निसर्गशिक्षणाचा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा राहत नाही, तो यामुळेच.

२. परीक्षणाची कसोटी

परीक्षणापूर्वी कसोटी निश्चित केली पाहिजे. १९७७ मध्ये तिबिलिसी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरणशिक्षणाची पाच उद्दिष्टे सांगितली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. या क्रमाकडे लक्ष दिले असता असे दिसते, की पहिली दोन उद्दिष्टे वर्गाच्या चार भिंतींत काही प्रमाणात साधता येतील. परंतु कौशल्य आणि सहभाग यांसाठी एक विशिष्ट स्थळ, त्या स्थळाशी दीर्घकाळचा संबंध आणि करण्यासारखे खरे काम, या तिन्हींची आवश्यकता असते. खाडीचे पाणी मोजल्यावाचून पाणी मोजण्याचे कौशल्य येत नाही, आणि ज्या निर्णयात विद्यार्थ्याला स्थानच नाही त्यात त्याचा सहभाग असल्याचे म्हणता येत नाही.

हाच विचार भारतीय परिस्थितीस लागू करून मांडण्याचे काम २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी झाले. ‘परिसर आणि अध्ययन’ या विषयावरील राष्ट्रीय गटाचे अध्यक्ष माधव गाडगीळ होते. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराचे निरीक्षण करून नोंदी ठेवाव्यात आणि त्या नोंदी सर्वांना उपलब्ध होतील अशा रीतीने साठवाव्यात, ही त्या गटाच्या मांडणीतील मध्यवर्ती कल्पना. तीत विद्यार्थी हा माहितीचा ग्राहक न राहता तिचा उत्पादक होतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आधीच केलेली होती. म्हणजे नोंद करणारे हात आणि नोंद ठेवण्याची वही, या दोहोंची सोय कागदावर झालेली होती. त्यांची गाठ घालून देण्याचे काम मात्र कोणत्याही एका खात्याचे नव्हते.

तेव्हा कसोटी ही, की शासनाचा आधार विद्यार्थ्याला कौशल्य आणि सहभाग या टप्प्यांपर्यंत नेतो काय? ही कसोटी शासनमान्य दस्तऐवजांतूनच घेतलेली असल्यामुळे ती बाहेरून लादलेली आहे, असे म्हणता येणार नाही.

३. आधाराचे तीन मार्ग

महाराष्ट्रात हा आधार मुख्यतः तीन मार्गांनी शाळेपर्यंत पोहोचतो : पाठ्यपुस्तक, हरित सेना आणि अभियान.

पाठ्यपुस्तकांचा विचार करता, बालभारतीच्या एका परंपरेकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. इयत्ता तिसरीचे ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक जिल्हावार काढण्याची प्रथा आहे. २०१४ च्या पुनर्रचित अभ्यासक्रमातही ती चालू राहिली आणि रत्नागिरीच्या मुलांच्या हाती रत्नागिरी जिल्ह्याचे पुस्तक आले. एवढ्या मोठ्या राज्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळे पुस्तक छापावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. स्थानिक पुस्तक व्यवहार्य नाही, असा आक्षेप जेव्हा घेतला जातो, तेव्हा या प्रथेकडे बोट दाखविणे पुरेसे आहे.

परंतु याच प्रथेत एक दोषही दडलेला आहे. तिची उभारणी ‘जवळून दूर’ या तत्त्वावर झालेली आहे. मूल प्रथम घर व गाव, मग जिल्हा, पुढे राज्य, देश आणि शेवटी जग, अशा क्रमाने पुढे सरकते. हे तत्त्व बालमानसशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य असले, तरी त्याचा येथे लावलेला अर्थ असा होतो की जवळचे ते सोपे आणि दूरचे ते कठीण. वस्तुतः जवळचे तेच अनेकदा अधिक गुंतागुंतीचे असते. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असता एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकरने पाणी का पुरवावे लागते, या प्रश्नाचे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला समजणे कठीण. ते पंधरा वर्षांच्या मुलाला समजेल. त्यात भूशास्त्र आहे, उतारावरील पाण्याची गती आहे, वृक्षतोड आहे, विहिरींची मालकी आहे. पण पंधराव्या वर्षी त्या मुलाच्या हाती जे पुस्तक असते, ते रत्नागिरीस आणि सोलापुरास एकच असते. नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय आला, अकरावी-बारावीच्या पर्यावरण शिक्षणासही जलसुरक्षेची जोड मिळाली. तथापि सबंध राज्यासाठी लिहिलेले पुस्तक अतिवृष्टीच्या आणि अवर्षणाच्या प्रदेशांशी एकाच वाक्यात बोलू पाहते, तेव्हा ते दोहोंशी मोघमच बोलते. तिसरीत झालेली जिल्ह्याची ओळख ही अशा रीतीने पहिली आणि शेवटची ओळख ठरते.

मूल्यमापनाची बाजूही याच ठिकाणी पाहिली पाहिजे. विषय अनिवार्य झाला, परंतु त्याचे मूल्यमापन संस्थेच्या अंतर्गत राहिले, आणि गुणवत्ता-यादीशी त्याचा संबंध तुटला. याचा परिणाम दुहेरी आहे. परीक्षेचे दडपण नसल्यामुळे शिक्षकास मोकळीक मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात वेळापत्रकातील तास इतर विषयांकडे वळविण्याची मोकळीक मिळाली. ‘प्रकल्प’ हा शब्द अभ्यासक्रमात आला. पण बाजारात तयार मिळणाऱ्या प्रकल्पवहीने त्याचा अर्थ बदलून टाकला. खाडीकाठच्या विद्यार्थ्याने वहीत वाघाची छापील चित्रे चिकटवावीत आणि समोरच्या चिप्पीच्या झाडाचे नाव त्यास लिहिता येऊ नये, हे या व्यवस्थेत अशक्य नाही. त्याबद्दल त्याचा एकही गुण कापला जाणार नाही.

दुसरा मार्ग राष्ट्रीय हरित सेनेचा. केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये ही योजना सुरू केली आणि महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण खात्याकडे सोपविण्यात आली. प्रत्येक जिल्ह्यातील कमाल २५० शाळांत तीस ते पन्नास विद्यार्थ्यांचे पर्यावरण-मंडळ असावे, एका शिक्षकाने त्याचे संयोजन करावे, अशी तिची रचना. मंडळास मिळणारे वार्षिक अनुदान आरंभी १,००० रुपये होते. ते पुढे २,५०० आणि नंतर ५,००० रुपयांवर गेले. ही वाढ उपेक्षणीय नाही. परंतु पन्नास विद्यार्थ्यांचे मंडळ गृहीत धरले, तर ५,००० रुपये म्हणजे दर विद्यार्थ्यामागे वर्षास १०० रुपये होतात. एवढ्या रकमेत फलक, रोपे, घोषणापत्रे आणि छायाचित्रे बसतात. मंडणगडच्या किनाऱ्यापर्यंत वर्षातून तीन-चार वेळा जाण्याचा खर्च बसत नाही. अनुदानाचे आकारमान अशा रीतीने उपक्रमाचे स्वरूप ठरवून टाकते. एका दिवसात होणारा, छायाचित्रात मावणारा आणि पुढील वर्षी पुन्हा करता येणारा उपक्रम या व्यवस्थेस सोयीचा. दहा महिने चालणारे निरीक्षण गैरसोयीचे.

तिसरा मार्ग अभियानांचा. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य राज्याने जाहीर केले. २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. ५ जून २०२४ रोजी केंद्राने आईच्या नावे झाड लावण्याचे आवाहन केले. या प्रत्येक वेळी शाळा हे हक्काचे मनुष्यबळ ठरले. अभियानाचे सामर्थ्य त्याच्या व्याप्तीत असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु अभियानास संख्या लागते, आणि शिक्षणास प्रश्न लागतो. किती रोपे लावली हे विचारले जाते. कोणती, कोठे, का, आणि तेथे पूर्वी काय होते, हे विचारणारा रकाना अहवालात नसतो.

४. सड्याचे उदाहरण

हा रिकामा रकाना किती महाग पडू शकतो, याचे रत्नागिरीतील उदाहरण म्हणजे सडा. जांभ्या खडकाचे हे सपाट माथे वर्षातील आठ महिने काळेकरडे आणि उजाड दिसतात. महसुली भाषेत त्यांस पडीक म्हणण्याची रीत आहे, आणि शालेय वृक्षलागवडीस मोकळी जागा हवी असली की दृष्टी प्रथम तेथेच जाते. पण पाऊस सुरू होताच हाच कातळ जिवंत होतो. खळग्यांत पाणी साचते, मातीच्या बोटभर थरात गवते आणि इवल्या फुलझाडांचे ताटवे उगवतात, कीटकभक्षी सीतेची आसवे फुलतात, आणि कोकणच्या सड्यांपुरतीच वाढणारी दिपकाडी पावसाच्या आरंभी पांढरी फुले धरते. या वनस्पतींस झाडांची सावली मानवत नाही. मोकळा प्रकाश आणि उथळ माती हीच त्यांची गरज. याच सड्यांवर माणसाने प्राचीन काळी कोरलेली कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातील अशा स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांत कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ अशी रत्नागिरी जिल्ह्यातील गावे आहेत.

तात्पर्य, सड्यावर खड्डे खणून, बाहेरची माती टाकून रोपे लावणे हे संरक्षण नव्हे. एका अधिवासाच्या जागी दुसरा बळेच बसविणे होय. ज्या विद्यार्थ्याने हातात कुदळ घेऊन हे केले, त्यास मात्र आपण निसर्गाची सेवा केली असे प्रामाणिकपणे वाटते, आणि शाळेस त्याचे प्रशस्तिपत्र मिळते. येथे शिक्षण अपुरे पडले, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. उजाड दिसते ते निरुपयोगी, ही विपरीत शिकवण त्याने दिली. हाच विद्यार्थी वीस वर्षांनी मुंबईत बसून सड्यावरील सामाईक जमिनीच्या विक्रीपत्रावर सही करील, तेव्हा ‘तेथे काही नव्हतेच’ असे तो मनापासून म्हणेल, आणि शाळेने शिकविले त्याच्याशी ते सुसंगतच असेल.

५. वेळासचा धडा

याच जिल्ह्यात निसर्गसंरक्षणाचे एक यशस्वी उदाहरणही आहे, आणि त्याचा आधार घेऊन शासकीय प्रयत्नांची बाजू मांडली जाते. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. पूर्वी ही अंडी गोळा करून खाण्या-विकण्याची पद्धत होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तेथे काम सुरू केले. ग्रामस्थ आणि वनखाते यांच्या सहकार्याने घरटी सुरक्षित कुंपणात हलविण्याची व्यवस्था झाली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि बाहेरून येणाऱ्यांची निवास-भोजनाची सोय गावातील घरांतून होऊ लागली. पुढे अंजर्ले, गुहागर इत्यादी किनाऱ्यांवर हे काम पसरले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या कांदळवन कक्षानेही किनारी जीवांच्या संरक्षणास बळ दिले. हे काम प्रत्यक्ष किनाऱ्यावर करणाऱ्यास ‘कासवमित्र’ हे सुंदर नाव रूढ झाले.

वेळासच्या या यशाचे श्रेय कोणास, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्यांस अंडी कोठे सापडतात हे ठाऊक होते, तेच घरट्यांचे रक्षक झाले. त्यांचे ज्ञान आधीपासूनच होते. बदलला तो त्या ज्ञानाचा उपयोग. हा बदल घडण्यास तीन गोष्टी कारणीभूत झाल्या : वर्षानुवर्षे त्याच किनाऱ्यावर येत राहणारी माणसे, हंगामभर रोज करावयाचे ठरलेले काम, आणि त्या कामातून गावास होणारा प्रत्यक्ष लाभ. तिबिलिसीच्या भाषेत सांगावयाचे तर कौशल्य आणि सहभाग प्रथम आले, वृत्ती मागाहून घडली. शालेय व्यवस्थेचा क्रम नेमका याच्या उलट आहे. ती वृत्तीचा उपदेश प्रथम करते आणि कामापर्यंत पोहोचण्याआधीच वर्ष संपते.

वेळासला आदर्श मानतानाही सावधगिरी हवी. पर्यटनाच्या उत्पन्नावर उभे असलेले संरक्षण त्या उत्पन्नाइतकेच टिकाऊ असते. एखाद्या वर्षी कासवे कमी आली, किंवा पाहुण्यांची गर्दीच किनाऱ्यास जड झाली, तर काय करावयाचे, याचे उत्तर महोत्सवाजवळ नाही. ते उत्तर शोधण्याची क्षमता निर्माण करणे हे शाळेचे काम होते. कासवाच्या पिलाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, उष्ण वाळूत माद्यांचे प्रमाण वाढते, ही गोष्ट विज्ञानाच्या तासाला किती सहज आणि किती गंभीरपणे शिकविता येईल! ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचा संबंध सांगणारा भूगोलाचा याहून चांगला पाठ कोणता असेल? हे पाठ किनाऱ्यावर घडत असता शाळा त्यांच्यापासून दूर राहते. याचे कारण बहुतांशी वेळापत्रकात सापडते.

६. शाळेचे वर्ष आणि कोकणचे वर्ष

जागतिक पर्यावरण दिन ५ जून रोजी येतो. महाराष्ट्रातील शाळा साधारणतः जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे या विषयाचा सर्वांत मोठा दिनविशेष शाळा बंद असताना येतो, आणि त्याचे कार्यक्रम सुटीतील निवडक उपस्थितीत किंवा मागाहून उरकावे लागतात. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण ती एका मोठ्या विसंगतीची खूण आहे.

कोकणच्या निसर्गाचे वर्ष पुढीलप्रमाणे चालते. जूनच्या आरंभी दिपकाडी उमलते आणि शेतांत पहिले चढणीचे मासे येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सडे फुलांनी भरतात. नोव्हेंबरपासून कासवे किनाऱ्यावर येऊ लागतात आणि थंडीबरोबर आंब्यास मोहर येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा पिले बाहेर पडण्याचा काळ. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. आता शाळेचे वर्ष पाहावे. जूनचा पूर्वार्ध सुटीचा. ऑगस्ट-सप्टेंबर घटक चाचण्या व सणांचा. फेब्रुवारी ते एप्रिल परीक्षांचा. मे पुन्हा सुटीचा. पिले समुद्राकडे धावत असतात तेव्हा विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहीत असतो. विहीर कोरडी पडते तेव्हा ‘जलसुरक्षा’ शिकविणारा वर्ग बंद असतो. सबंध राज्याचे वेळापत्रक एकच असावे याला प्रशासकीय कारणे आहेत. परंतु वर्षातील दहा दिवस जिल्ह्याच्या ऋतुमानाप्रमाणे वापरण्याची मुभा शाळांस दिली, तर ती कारणे कोसळून पडतील असे दिसत नाही.

शिक्षकाची गोष्टही ऋतूइतकीच महत्त्वाची आहे. परिसराचे अध्यापन करावयाचे तर शिक्षकास तो परिसर ठाऊक असला पाहिजे, आणि तो ठाऊक होण्यास तीन-चार वर्षे जावी लागतात. या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले अनेक शिक्षक काम करतात. आंतरजिल्हा बदलीची संधी मिळताच ते स्वाभाविकपणे आपल्या गावाजवळ जातात. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. परंतु नवा शिक्षक येतो तेव्हा आधीच्याने परिसराविषयी जे मिळविले ते त्याच्याबरोबर निघून गेलेले असते, कारण ते शाळेच्या मालकीचे म्हणून कोठेही नोंदलेले नसते. वाडीवरील कमी पटाच्या शाळेस तर सर्व वर्ग सांभाळणाऱ्या एका-दोघा शिक्षकांपलीकडे काहीच नसते. तेथे ‘हरित सेना’ हे नावही थोडे उपरोधिक वाटू लागते.

७. आधार देणारा आणि पक्षकार

आतापर्यंतचे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. एक अडचण मात्र अधिक खोल आहे, आणि तिची चर्चा शासकीय अहवालांत सहसा होत नाही. निसर्गाच्या प्रश्नात शासन हे केवळ शिक्षणाचा आधारदाता नसते. ते स्वतः एक पक्षकार असते.

पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये आपला अहवाल दिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विशेष विचार त्या गटाकडे सोपविलेला होता. खेड तालुक्यातील लोटे येथील रासायनिक उद्योगक्षेत्र, त्यातून होणारे प्रदूषण आणि दाभोळ खाडीतील मासेमारीवर झालेला परिणाम यांची दखल त्या अहवालात घेतलेली आहे. हे उद्योगक्षेत्र राज्यानेच वसविले, त्यावर देखरेख ठेवण्याचे काम राज्याच्याच मंडळाचे, आणि जवळच्या शाळेतील पर्यावरण-मंडळाचे अनुदानही शासनाचेच. अशा स्थितीत त्या मंडळाने प्लास्टिकच्या पिशव्या गोळा कराव्यात हे सोपे. खाडीच्या पाण्याचा नमुना घेऊन त्याची नोंद दर महिन्यास फलकावर लिहावी हे अवघड. खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबातील मुलास, घरी ऐकलेला प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे किंवा नाही, हे कोणी न सांगताही कळते. जैतापूर आणि बारसू ही नावे उच्चारली की वर्गातील संकोच आणखी वाढतो.

याचा अर्थ शाळेने आंदोलनाचे व्यासपीठ व्हावे असा नाही. शाळेचे काम पक्ष घेण्याचे नसून मोजण्याचे, तपासण्याचे आणि दोन्ही बाजूंचा पुरावा वाचण्याचे आहे. रोजगार हवा की खाडी, हा प्रश्न रत्नागिरीत खराच कठीण आहे. ज्या जिल्ह्यातील तरुण कामासाठी बाहेर जातात, तेथे तो सोपा असल्याचे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पाठ्यपुस्तकातील संरक्षण हे नेहमी व्यक्तीच्या सवयींपुरते राहते. नळ बंद करावा, कागद वाचवावा, झाड लावावे, एवढ्यात ते संपते. अशाने विद्यार्थ्याची समजूत अशी होते की निसर्गाची हानी मुख्यतः मुलांच्या निष्काळजीपणामुळे होते. ही समजूत सत्यास धरून नाही, आणि मुलांवर अन्याय करणारीही आहे.

८. पर्याय आणि समारोप

वरील विवेचनावर असा आक्षेप येईल की स्थळनिष्ठ शिक्षण छोट्या संस्थांना जमते, सबंध शासनास जमत नाही. उत्तराखंडचा अनुभव या आक्षेपास उत्तर देतो. अलमोड्याच्या उत्तराखंड सेवा निधी या संस्थेने १९८७ पासून केंद्रीय शिक्षण खात्याच्या साहाय्याने पहाडी गावांतील चारा, सरपण, पाणी आणि माती यांवर आधारलेला अभ्यासक्रम रचला. विद्यार्थी आपल्याच गावातील सरपणाचा खप मोजतो, चाऱ्याचा हिशेब करतो आणि गावाची जमीन हे सर्व किती काळ पुरवील याचा विचार करतो. पुढे हा अभ्यासक्रम सहावी ते आठवीच्या नियमित शिक्षणात समाविष्ट झाला. संस्थेने रचना करावी आणि शासनाने ती स्वीकारून पसरवावी, ही श्रमविभागणी तेथे साधली. महाराष्ट्रात संस्था आहेत, पुस्तकमंडळ आहे, वनखाते आहे. पण त्यांतील प्रत्येक घटक आपापला स्वतंत्र कार्यक्रम शाळेकडे पाठवितो.

रत्नागिरीपुरते बोलावयाचे तर चार गोष्टी नव्या कायद्यावाचून होऊ शकतात. तिसरीच्या जिल्हा-पुस्तकास आठवी-नववीत दुसरा, प्रौढ भाग जोडावा आणि त्यात सडा, खाडी, कांदळवन, देवराई व विहीर यांस स्थान द्यावे. जिल्ह्याच्या ऋतुमानाप्रमाणे दहा दिवसांची मुभा द्यावी. हरित सेनेच्या अनुदानातील काही भाग प्रवासासाठी आणि साध्या मोजमाप-साधनांसाठी राखून ठेवावा. आणि प्रत्येक शाळेत परिसराची एक कायम नोंदवही असावी, जी शिक्षकाच्या बदलीनंतरही शाळेत राहील व गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीस जोडली जाईल. शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे, आणि कदाचित म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष झाले असावे. विहिरीची पातळी, पहिल्या पावसाची तारीख, सड्यावरील फुलांची नोंद, किनाऱ्यावरील घरट्यांची संख्या, खाडीत मिळालेल्या मासळीचे प्रकार, एवढे जरी वीस वर्षे लिहिले गेले, तरी जिल्ह्याजवळ आज नसलेला एक दस्तऐवज तयार होईल, आणि तो लिहिणारे मुंबईस गेले तरी त्यांच्या अक्षरातील नोंद गावात राहील.

या सूचना अमलात आल्या तरी सातव्या विभागात सांगितलेली अडचण पूर्णपणे नाहीशी होणार नाही. आधार देणाऱ्यास प्रश्न विचारण्याची मुभा त्या आधारातच अनुस्यूत असावी, ही अपेक्षा कोणत्याही शासनास रुचणारी नसते. परंतु ज्या संविधानाने निसर्गाचे रक्षण हे एकाच दमात राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य ठरविले, त्याने ही मुभा गृहीतच धरलेली आहे. कारण पाहण्याचा आणि विचारण्याचा अधिकार नसलेल्यास रक्षणाचे कर्तव्य सांगता येत नाही. शालेय निसर्गशिक्षणास मिळणाऱ्या आधाराचे मूल्यमापन यापुढे लावलेल्या रोपांच्या संख्येवरून न करता, शाळेतील नोंदवहीत किती प्रश्न लिहिले गेले आणि त्यांपैकी कितींची उत्तरे ग्रामसभेपर्यंत पोहोचली, यावरून करावे लागेल. ती नोंदवही अद्याप कोरी आहे.